थेंब पडतो कुठे, तेल गळते कुठे

आमच्या कसब्यातील वाड्यात एक दूधवाला राहतो. माझा जुना विद्यार्थी. रोज पहाटे तो मोटारसायकलवरून सिंहगडाच्या पायथ्याशी डोणज्याला जातो आणि दोन कॅन दूध घेऊन उजाडायच्या सुमारास पेठेत परत येतो. गाडी चालली तर दूध येते. दूध आले तर घर चालते.

एके दिवशी सकाळी मालकीणबाई माझ्या दाराशी आल्या. म्हणाल्या, "गुरुजी, तुमच्या विद्यार्थ्याला जरा सांगा. माझी शहाबादी फरशी पार काळी झाली. काल माझा पाय घसरता घसरता वाचला!"

मी खाली जाऊन पाहिले. गाडीखाली तेलाचे हाताएवढे थारोळे. दूधवाला शेजारी उकिडवा बसलेला, हातात भला मोठा पाना.

"गुरुजी, नट आवळून आवळून हात दुखले, पण तेल काही थांबत नाही. गॅरेजवाला म्हणतो, इंजिन खोलावं लागेल. चार-पाच हजार सांगतोय. आणि गाडी दोन दिवस ठेवून घेणार. दूध कोण आणणार?"

मी काही मिस्त्री नाही. मॅट्रिक झालेला शाळामास्तर. पण तीस वर्षे एकच मोटारसायकल स्वतःच्या हाताने सांभाळली आहे. मी त्याला म्हटले, "अरे, इंजिन खोलण्याआधी ते धुऊन तर बघू."

आता वाचकहो, इंजिनात तेल असते कशासाठी ते आधी पाहू. पुण्यातल्या जुन्या माणसांना लुना आणि चेतक आठवत असतील. दोन्ही १९७२ साली निघाल्या, दोन्ही पुणेकरांच्या घरच्या. लुना किनेटिकची, चेतक बजाजची. त्यांच्या टाकीत पेट्रोलबरोबरच थोडे तेल मिसळावे लागे. ते तेल पेट्रोलबरोबर जळून जाई आणि मागे निळा धूर सोडी. पुढे चार फेऱ्यांचे, म्हणजे फोर-स्ट्रोक, इंजिन घराघरांत पोहोचले. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली, १९९४ साली स्प्लेंडर आली. या इंजिनात तेल जळायचे नसते. ते इंजिनाच्या तळाशी साठलेले असते. पंप ते वर चढवतो. ते दट्ट्याला, बेअरिंगला, वरच्या टॅपेटला न्हाऊ घालते आणि पुन्हा तळाशी उतरते. झीज कमी करणे, उष्णता वाहून नेणे, आतला मळ धरून ठेवणे, एवढी कामे ते करते. आणि हे सगळे साधारण एक लिटर तेलावर चालते!

म्हणून गळतीकडे दुर्लक्ष करू नये. एक लिटरमधले अर्धे गळून गेले, तर उरलेल्या अर्ध्यावर इंजिन घासू लागते. शेवटी दट्ट्या अडकतो. गाडीवाले म्हणतात, "इंजिन जाम झालं." मग चार-पाच हजारांत सुद्धा भागत नाही. दुसरी भीती त्याहून मोठी आहे. गळलेले तेल मागच्या चाकाच्या टायरवर गेले, तर वळणावर गाडी घसरते. दुधाचे दोन कॅन लादून उतारावरून येणाऱ्या माणसाला हे सांगायला नकोच.

तेव्हा पहिले काम तेल मोजण्याचे. गाडी सपाट जागी डबल स्टँडवर उभी करावी. इंजिन तीन-चार मिनिटे चालवून बंद करावे. तेल खाली उतरायला दोन-तीन मिनिटे द्यावीत. मग तेलाच्या झाकणाला जी पट्टी असते ती पुसावी, पुन्हा आत घालावी आणि बाहेर काढून पाहावी. पट्टीवर दोन खुणा असतात. तेल त्या दोहोंच्या मध्ये हवे. पट्टी आटे फिरवून बसवायची की नुसती टेकवायची, हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते, तसेच करावे. तेल खालच्या खुणेच्या खाली असेल, तर भर घातल्याशिवाय गाडी हलवू नये. उलट काही लोक प्रेमाने जास्तच तेल ओततात. तेही वाईट. जास्त तेल आत घुसळते, त्याला फेस येतो, दाब वाढतो आणि चांगल्या जोडांतूनही ते बाहेर पडू लागते.

दूधवाल्याचे तेल खालच्या खुणेला टेकले होते. वेळेवर पाहिले म्हणायचे.

आता मुख्य गोष्ट. थेंब जिथे पडतो, तिथेच तेल गळते असे नाही. तेल वरून खाली उतरते. गाडी धावताना वारा त्याला मागे ढकलतो. इंजिनाच्या अंगावरून ओघळत ओघळत ते सर्वांत खालच्या टोकाला येते आणि तिथून टपकते. सर्वांत खाली काय असते? तेल सोडायचा नट. म्हणून जो तो त्या नटावरच पाना चालवतो. वर्गात गलका झाला की मास्तरच्या हाताशी जे पोर बसलेले असते, त्यालाच फटका मिळतो. मीही तसे केले आहे, खोटे कशाला बोलू? त्या नटाचे तसेच होते.

दूधवाल्याने तर पान्याला पाइप लावून नट पिळला होता. नट पोलादाचा, पण इंजिनाचे कवच ॲल्युमिनियमचे, म्हणजे मऊ. आणखी एक पीळ दिला असता, तर आतले आटेच गेले असते आणि खरोखर मोठा खर्च उभा राहिला असता. पाना मनगटाच्या जोराने आवळावा, खांद्याच्या नव्हे. नटाखाली एक चपटे वायसर असते. तेल बदलताना ते नवीन घालावे. नट बहुधा त्यानेच बंद राहतो, जोराने नव्हे.

मग आम्ही इंजिन धुवायला घेतले. इंजिन गार असले पाहिजे, हे आधी बघावे. पूर्वी यासाठी रॉकेल वापरीत. ते हल्ली सहज मिळत नाही, थोडे डिझेल चालते. पेट्रोल मात्र वापरू नका. ठिणगी उडाली तर गाडी आणि माणूस दोन्ही पेटतील. दात घासायचा जुना ब्रश डिझेलमध्ये बुडवून पट्ट्यापट्ट्यांतली घाण काढली. सायलेन्सरच्या तोंडाला पिशवी बांधली. मग साबणाच्या पाण्याने धुतले, चिंधीने कोरडे केले आणि तासभर उन्हात ठेवले. तीन वर्षांची काळी साय निघाली. खालून चक्क चंदेरी इंजिन दिसले.

कोरड्या इंजिनावर आम्ही पावडर भुरभुरली. हो, तोंडाला लावायची साधी पावडर! आमच्या घरातून डबा आणला, त्याबद्दल मला बोलणी बसली ती वेगळीच. पावडर पांढरी. तिच्यावर तेलाचा ओघळ आला की काळी रेघ उमटते. ती रेघ जिथून सुरू होते, तिथे चोर.

इंजिन मोकळ्या जागेत सुरू करून पाच-सात मिनिटे चालू ठेवावे. बंद बोळात किंवा जिन्याखाली चालू ठेवू नये, धुराने माणूस गुदमरून मरतो. आधी गाडी उभीच ठेवून पाहावे. वारा नसला म्हणजे तेल सरळ वाटेने उतरते, रेघ चटकन कळते. त्यात काही दिसले नाही, तर लहानशी चक्कर मारून यावे आणि पुन्हा बॅटरीच्या उजेडात बघावे. सर्वांत वरचा आणि सर्वांत पुढचा ओला ठिपका शोधावा. खालचे सारे ठिपके त्याचीच पिल्ले असतात.

आमची रेघ नटापासून निघाली, ती कवचावरून वर, तिथून पट्ट्यांमधून पुढे, आणि थेट इंजिनाच्या तोंडाशी, टॅपेटच्या वरच्या झाकणाला जाऊन थांबली. या गाडीचे सिलिंडर जवळजवळ आडवे, पुढचे टोक किंचित वर. त्यामुळे पुढे गळलेले तेल अलगद मागे येऊन नटावर टपकत होते.

"अरे, हे झाकण कुणी उघडलं होतं का?"

"महिन्यापूर्वी टॅपेट सेट करून घेतले होते, गुरुजी."

मग उलगडा झाला. त्या झाकणाखाली रबराची एक रिंग असते. इंजिनाच्या तापाने ती वर्षानुवर्षे भाजते, कडक होते, चपटी होते. झाकण उघडल्यावर नवी रिंग घालायची. कुणीतरी जुनीच बसवली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी दूधवाला नाना पेठेत गेला. गाड्यांच्या सुट्या भागांची दुकाने तिथे ओळीने आहेत. जाताना जुनी रिंग नमुन्याला खिशात घेतली. नुसते तोंडाने माप सांगू नये, कारण केसाइतका फरक असला तरी रिंग बसत नाही. रिंग मिळाली ती वीस-तीस रुपयांत. झाकणाची खाच स्वच्छ पुसली, नव्या रिंगला तेलाचे बोट लावले, झाकण आधी हाताने फिरवले आणि शेवटी पान्याने बेताने आवळले. पाव तासाचे काम.

प्रत्येक गळती इतकी सोपी नसते. डावीकडे पुढच्या चेन-स्प्रॉकेटच्या मागे एक ऑइल सील असते, गिअरच्या दांडीलाही असते. ती झिजली की तिथून तेल येते. पण तिथे फसगतही होते. चेनला लावलेले तेल उडून बसलेले असते आणि आपण समजतो इंजिन गळते. चेनचे तेल चिकट आणि मातकट असते. क्लचच्या कव्हरखाली कागदाचे गॅसकेट असते. ते फाटले तर कव्हर काढून नवे घालावे लागते. नुसते वरून लुकण थापून उपयोग नाही. इंजिनाला श्वास सोडायची एक बारीक नळी असते. ती मळाने तुंबली की आतला दाब कोंडतो आणि ठिकठिकाणी ओल येते. ती नळी मोकळी करणे घरीही जमते.

हेड आणि सिलिंडरच्या जोडातून तेल येत असेल, कवचाला चीर असेल, किंवा खाली थेंब नाही पण सायलेन्सरमधून निळा धूर येतो आणि पट्टीवर तेल कमी होते, असे असेल तर मात्र मिस्त्रीकडे जावे. तिथे हात घालू नये. तेव्हासुद्धा इंजिन धुऊन, रेघ स्वतः पाहून जावे. "इथून गळतंय," असे बोट ठेवून सांगणाऱ्या गिऱ्हाइकाशी मिस्त्रीही सरळ बोलतो.

भर घालताना मोटारसायकलचेच तेल घ्यावे, मोटारीचे नको. आपल्या गाडीचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो. मोटारीच्या काही तेलांनी तो सुळसुळीत होऊन घसरतो. निघालेले काळे तेल बाटलीत भरून गॅरेजात द्यावे. गटारात ओतले तर ते मुठेत जाते. २०१६ च्या नियमांप्रमाणे ते घातक कचऱ्यात धरले जाते. हातही साबणाने स्वच्छ धुवावेत.

दूधवाल्याने आठ दिवस गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवला. पुठ्ठा कोरडा राहिला. राहिली फरशी. डागावर लाकडाचा भुसा पसरून रात्रभर ठेवला, सकाळी झाडून काढला आणि धुण्याच्या सोड्याने घासले. दोनदा करावे लागले. तरी एक फिकट ठसा उरलाच. त्यावर आता मालकीणबाई रांगोळी काढतात.