सबसिडी हातात पडत नाही!

पापड-मसाल्यांचं किंवा शिवणकामाचं काहीतरी थोड्या मोठ्या प्रमाणावर करावं, असं पुष्कळजणींच्या मनात असतं. मग कुणीतरी सांगतं, "अगं, सरकार बायकांना पस्तीस टक्के देतं!" ऐकणारीला वाटतं, दोन लाखांचा धंदा काढला की सत्तर हजार रोख घरात! तसं नसतं, मैत्रिणींनो. हे बँकेच्या दारात कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रम ही २००८ सालापासूनची योजना घेऊ. २०२२ मध्ये तिचे नियम सुधारले. तिच्यात स्त्रिया विशेष गटात मोडतात. या गटाला ग्रामीण भागात प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, पण शहरी भागात २५ टक्केच अनुदान ठरवलेलं आहे. ग्रामपंचायतीच्या हद्दीतलं ते ग्रामीण. आमच्या देवळाली कॅम्पात कँटोन्मेंट बोर्ड, भगूरला नगरपरिषद. म्हणजे दोन्ही शहरीत गेली. शेजारचं लहवित किंवा नानेगाव मात्र ग्रामीण. यात तुमचं घर कुठं आहे ते बघत नाहीत, उद्योग कुठं चालणार ते बघतात. माहेर लहवितचं असेल नि तिथं एक खोली मिळत असेल तर विचार जरूर करा, पण रोजचं रिक्षाभाडंही मांडा!

आता दोन लाखांचा हिशेब कॅम्पापुरता करू. पाच टक्के, म्हणजे दहा हजार, आपले. उरलेले एक लाख नव्वद हजार बँक कर्ज देते. अनुदान पन्नास हजार. पण ते तुमच्या नावानं बँकेतच तीन वर्षं ठेव म्हणून राहतं. त्या ठेवीवर व्याज मिळत नाही, तसंच कर्जातल्या तेवढ्या रकमेवर व्याज लागतही नाही. तीन वर्षांनी प्रत्यक्ष पाहणी होते, आणि उद्योग चालू दिसला तर ते पन्नास हजार कर्जातून वजा होतात. तोवर हप्ते आपल्यालाच भरायचे असतात. पहिल्या दिवाळीनंतर उत्साह ओसरतो, हे मनात धरूनच हप्ता ठरवावा.

एका कुटुंबात एकालाच, म्हणजे नवरा-बायकोत मिळून एकदाच, याचा लाभ मिळतो. आपल्याकडे निवृत्त फौजींची घरं पुष्कळ. माजी सैनिकही विशेष गटातच येतात, तेव्हा टक्केवारीत फरक पडत नाही. धंदा जिनं सांभाळायचा, तिच्याच नावानं अर्ज असावा असं मला वाटतं. आणखी एक, योजना नव्या उद्योगासाठी आहे. आधी यंत्रं आणायची, धंदा सुरू करायचा आणि मग अर्ज, हा उलटा क्रम चालत नाही. जागेची किंमतही प्रकल्पखर्चात धरत नाहीत.

आणि दागिने? दहा लाखांपर्यंतच्या अशा छोट्या उद्योगाच्या कर्जाला बँकेनं तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पाटल्या काढून ठेवायची घाई नको.

खाण्याच्या पदार्थांचा उद्योग असेल तर २०२० साली निघालेली सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजनाही पाहा. ही कृषी खात्यामार्फत चालते. तिच्यात गाव-शहर भेद नाही. सरसकट ३५ टक्के, जास्तीत जास्त दहा लाख रुपये. घरातून आधीच पापड विकणारीलाही तिच्यात जागा आहे. मात्र आपला वाटा किमान दहा टक्के, म्हणजे आपल्या हिशेबात दहाऐवजी वीस हजार. पण अनुदान पन्नासाचं सत्तर होतं. कॅम्पातल्या मसालेवालीला हीच परवडेल.

दोन्ही योजनांचा मंजूर काळ २०२५-२६ या आर्थिक वर्षापर्यंतचा होता. म्हणून कागद जमवण्याआधी नाशिकच्या जिल्हा उद्योग केंद्रात आणि कृषी कार्यालयात चालू वर्षाचा नियम विचारून घ्या. अर्जाला फी नसते. "एवढे द्या, मंजूर करून आणतो" म्हणणाऱ्याला चहासुद्धा पाजू नका.