लपविलेला दोष आणि राज्याचा विश्वास

राज्यकारभारांतील कांहीं गोष्टी सर्वांस सांगतां येत नाहींत. सैन्याच्या हालचाली, नव्या शस्त्रांची रचना, परराष्ट्रांशीं चाललेलीं बोलणीं हीं ज्यांच्या हातीं सोंपवावयाचीं, तीं माणसें विश्वासू असलीं पाहिजेत हें उघड आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अशा माणसांची पारख कशी होते, व पूर्वीं केलेलें मादक द्रव्यांचें सेवन कोणीं लपविल्यास त्याचा परिणाम काय होतो, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

गुप्त माहिती पाहण्याच्या पात्रतेस तेथें 'सिक्युरिटी क्लिअरन्स' म्हणतात. अध्यक्ष आयझेनहॉवर यांनीं १९५३ सालीं काढलेल्या आज्ञेंत व्यसनाधीनता आणि महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडविणें, या दोन्ही गोष्टी विचारांत घेण्यास सांगितलें होतें. पुढें २०१७ सालच्या जूनमध्यें १३ कसोट्यांची नियमावली अंमलांत आली. तींतील 'एच' ही कसोटी मादक द्रव्यांविषयीं असून 'ई' ही वर्तनाच्या सचोटीविषयीं आहे.

उमेदवारास 'एसएफ ८६' नांवाचें लांबलचक प्रश्नपत्रक भरावें लागतें. त्याच्या २३ व्या विभागांत गेल्या ७ वर्षांतील बेकायदा सेवनाविषयीं विचारिलेलें असतें. तेथेंच असें अभिवचनही आहे कीं, या विभागांतील खरीं उत्तरें फौजदारी खटल्यांत उमेदवाराविरुद्ध पुरावा म्हणून वापरलीं जाणार नाहींत.

आतां समजा, एखाद्या तरुणानें महाविद्यालयांत असतां दोन-तीन वेळां गांजा ओढला होता. त्यानें तें खरें लिहिलें, तर परीक्षक 'एच' कसोटी लावतात. किती काळ लोटला, सेवन किती वेळां झालें, तो संग सुटला काय, पुन्हां न घेण्याचा लेखी निश्चय आहे काय, हें सर्व पाहून संपूर्ण माणसाचा विचार होतो. जुनें व क्वचित् झालेलें सेवन पुष्कळदां क्षम्य ठरतें. अलीकडील किंवा वारंवार केलेलें सेवन मात्र नुसत्या कबुलीनें पुसलें जात नाहीं. कारण शंका उरल्यास निर्णय राष्ट्राच्या सुरक्षिततेच्या बाजूनें द्यावा, असा नियम आहे.

परंतु त्यानें जाणूनबुजून 'नाहीं' असें लिहिलें, तर 'ई' कसोटीही लागू होते. जुना दोष काळानें फिका पडतो. खोटी सही मात्र आजची असते. शिवाय ज्या माणसास आपलें गुपित फुटण्याची धास्ती आहे, त्यास धमकावून शत्रु राज्याचें गुपितही काढून घेऊं शकतो. चौकशी करणारे अधिकारी शेजारी, जुने मालक व ओळखीचे लोक यांस भेटतात. कांहीं खात्यांत पॉलिग्राफ यंत्रावरही परीक्षा होते. सरकारास जाणूनबुजून खोटी माहिती देणें हा तेथें ५ वर्षांपर्यंत कैदेचा अपराध आहे. मात्र कोणी विचारण्यापूर्वींच, त्वरेनें व शुद्ध बुद्धीनें चूक दुरुस्त केल्यास ती गोष्ट उमेदवाराच्या बाजूची धरितात.

गांजाविषयीं पुष्कळांची फसगत होते. कोलोरॅडो व वॉशिंग्टन या संस्थानांतील मतदारांनीं २०१२ सालीं प्रौढांच्या गांजासेवनास मान्यता दिली. पुढें इतर कित्येक संस्थानेंही त्याच वाटेनें गेलीं. पण या परीक्षेंत मध्यवर्ती सरकारचा कायदाच प्रमाण मानितात. तेव्हां 'आमच्या संस्थानांत मुभा होती' म्हणून तें न लिहिणें धोक्याचें आहे. २०२१ च्या अखेरीस गुप्तवार्ता विभागाच्या प्रमुखांनीं असा खुलासा केला कीं, पूर्वींचें गांजासेवन विचारांत घ्यावें, परंतु केवळ तेवढ्यावरूनच निर्णय ठरूं नये.

मादक द्रव्यांस न शिवणें हा सर्वांत उत्तम मार्ग, हें सांगावयास नकोच. पण पाऊल घसरलेंच, तर तें झांकण्यासाठीं असत्याचा आश्रय घेणें म्हणजे एका दोषाचे दोन दोष करणें होय. पालकांसही आमची विनंति आहे कीं, मुलानें आपण होऊन चूक सांगितली, तर त्यास आधीं शांतपणें ऐकून घ्यावें. घरीं खरें सांगण्याचें धैर्य ज्यास लाभतें, त्याची लेखणी पुढें प्रश्नपत्रकापुढें अडखळत नाहीं.