खड्डा बुजला, तारीख विसरू नका

गल्लीत पाण्याची लाइन फुटली की पहिल्या दिवशी सगळी वस्ती जागी असते. चावीवाल्याला फोन जातात, खड्ड्याभोवती पोरं जमतात, हंडे घेऊन बाया शेजारच्या गल्लीत धावतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाणी येतं, खड्डा बुजतो आणि विषय संपतो. दवाखान्यात काम केलेल्या आम्ही बाया मात्र त्या दिवसापासून दिवस मोजायला लागतो. कारण आजार खड्ड्याबरोबर बुजत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या कामातल्या एका वस्तीत ऐन पावसाळ्याच्या तोंडावर लाइन दुरुस्त झाली. दोन दिवसांनी चार घरांत लेकरांना जुलाब लागले. आंबे जास्त खाल्ले असतील, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. दीड महिन्यानं त्याच गल्लीत तिघांना कावीळ झाली. त्यात एक सात महिन्यांची गरोदर मुलगी होती. घरच्यांनी आधी झाडपाल्याचं औषध देणाऱ्याकडे नेलं, त्यात चार दिवस गेले. आम्ही तिला रिक्षात घालून मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा ती बरळत होती. ती वाचली, पोटातलं बाळ गेलं. डॉक्टरांनी पाण्याचं विचारलं तेव्हा दुरुस्ती कधी झाली होती, हे एकालाही सांगता आलं नाही.

म्हणून पहिलं सांगणं हेच. लाइनीचं काम झालं की भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला गोल करा. कॉलरा काही तासांपासून पाच दिवसांत दिसतो. विषमज्वर साधारण एक ते तीन आठवड्यांनी येतो. घाण पाण्यातून होणारी ‘ई’ प्रकारची कावीळ तर दोन ते दहा आठवड्यांनी उठते. तारीख लिहिलेली असली, तर डॉक्टरला दुवा सापडतो आणि तक्रारीलाही बळ येतं.

गटाराचं पाणी नळात शिरतं कसं?

पाइपात पाणी जोरात वाहत असतं तेव्हा भोकातून पाणी बाहेर गळतं. पुरवठा बंद झाला की पाइप रिकामा होतो आणि त्याच भोकातून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. आपल्या वस्त्यांत नळाची लाइन आणि गटार शेजारी-शेजारी, कुठे कुठे तर नळाचा पाइप गटारातूनच गेलेला. त्यात कुणी थेट लाइनीला मोटर लावली, तर ती नुसतं पाणी ओढत नाही, गटारही ओढते. हे आपल्याच शेजाऱ्याच्या पोरांना पाजतो आहोत, एवढं मोटर लावणाऱ्यानं लक्षात घ्यावं.

काम चालू असताना

खड्ड्याजवळ दोघी-तिघींनी उभं राहावं. भांडायचं नाही, पण पाहायचं. खड्ड्यातलं पाणी उपसून ते पाइपाच्या खाली ठेवलं आहे का? नवा तुकडा चिखलात लोळवून तसाच बसवला, की आतून पुसून क्लोरीनच्या पाण्यानं धुतला? जोडणी झाल्यावर गढूळ पाणी सोडून लाइन धुतली का? आणि शेवटी क्लोरीन तपासलं का? आरोग्य कर्मचाऱ्याकडे ओटी टेस्टची बाटली असते. थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे, रंग आलाच नाही तर नाही. नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असायला हवं. ही तपासणी गल्लीतल्या शेवटच्या नळावर करायला सांगा, कारण क्लोरीन सगळ्यात कमी तिथेच पोचतं. तक्रार लेखी द्या आणि तिचा नंबर घ्या.

टँकर आला तरी क्लोरीनचा प्रश्न विचारायचाच. टँकरचं पाणी कुठून भरलं, हे विचारायला लाजू नका.

घरात काय करायचं?

पाणी सुरू झालं की पहिलं पाणी पिण्याला भरू नका. गढूळपणा आणि वास जाईपर्यंत ते भांडी-धुण्यालाही नको, संडासाला वापरा. इमारतीत टाकी असेल तर पहिलं पाणी जाईपर्यंत टाकीची चावी बंद ठेवा.

मग पाणी गाळा. जुन्या सुती साडीच्या चार घड्या करा. बांगलादेशातल्या खेड्यांत असं पाणी गाळणाऱ्या घरांत कॉलरा जवळपास निम्म्यानं कमी झाला होता. पण गाळणं ही पहिली पायरी, शेवटची नव्हे. तुरटीचंही तसंच. तुरटीनं गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत.

जंतू मारायला दोन उपाय आहेत. पाणी खळखळा उकळा आणि उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट तशीच ठेवा. सिलिंडरचा भाव आम्हालाही ठाऊक आहे. सगळं पाणी उकळणं परवडत नसेल तर तान्ह्या बाळाचं, गरोदर बाईचं आणि म्हाताऱ्या माणसाचं तरी उकळा. बाकीच्यांसाठी क्लोरीनच्या गोळ्या. त्या आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात मागा. गोळ्या वेगवेगळ्या आकाराच्या येतात, म्हणून किती लिटरला एक, हे पाकिटावर वाचून घ्या. गोळी टाकल्यावर अर्धा तास हंडा झाकून ठेवा. क्लोरीनचा हलका वास आला म्हणून पाणी ओतून देऊ नका, तो वास राखणदाराचा आहे.

हंड्यात हात घालून पेला बुडवू नका. लांब दांड्याचं ओगराळं ठेवा. उकळलेलं पाणी घाणेरड्या बोटांनी पुन्हा नासतं.

आजार झालाच तर

जुलाब लागले की पहिल्या जुलाबापासून मीठ-साखरेचं पाणी सुरू करा. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. बाळाचं अंगावरचं दूध तोडू नका. डोळे खोल गेले, लघवी बंद झाली, लेकरू मलूल पडलं किंवा तांदळाच्या पेजेसारखे जुलाब होऊ लागले, तर घरी थांबू नका. गरोदर बाईचे डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी मोठा दवाखाना. गळ्यात माळ बांधून कावीळ उतरत नाही. शेवटच्या तीन महिन्यांत ‘ई’ कावीळ झाली तर शंभरातल्या वीस-पंचवीस जणींचा जीव जाऊ शकतो. एका गल्लीत दोन-तीन घरांत एकाच वेळी जुलाब दिसले, की आशाताईंना लगेच कळवा.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्यानंतर तळं बाटलं म्हणून ते ‘शुद्ध’ करण्यासाठी त्यात शेण, गोमूत्र, दही, दूध कालवलेल्या पाण्याच्या १०८ घागरी ओतल्या गेल्या. आम्ही नर्सिंग शिकलेल्या बायांना हे वाचताना दर वेळी वाटतं, पाणी खरं नासलं ते त्या घागरींनी. पाण्याला जात बाटवत नाही, शेण आणि गटार बाटवतं. पाण्यावरचा हक्क आपल्या माणसांनी मार खाऊन मिळवला. आता नळ दारात आला आहे. त्या नळातून काय येतं, हे विचारणंही त्याच हक्कात बसतं.

पुढच्या रविवारी विहारात वंदनेनंतर दहा मिनिटं काढा. गल्लीत कुठे कुठे नळाचा पाइप गटारातून जातो, त्याची यादी करा आणि सगळ्यांच्या सह्या घेऊन पाणी खात्याला द्या. पावसाळ्याआधी दिलीत तर काम पावसाळ्याआधी मागता येईल.

जय भीम.