पोटात गोळा का येतो?

दोस्तांनो, तोंडी परीक्षेला आपलं नाव पुकारलं की पोटात गोळा येतो ना? योगात बेंबीपाशी मणिपूर, छातीत अनाहत अशी चक्रं मानतात. ती ध्यानासाठी, शरीरात शोधून सापडत नाहीत. गोळा मात्र खरा! भीतीनं ॲड्रेनलिन रक्तात उतरतं, छाती धडधडते, पोटाचं काम मंदावतं.

आपल्या अमळनेरला शिकवणारे जगन्नाथ गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम काढलं. नौली करताना पोटात काय घडतं, ते त्यांनी चक्क क्ष-किरणांनी तपासलं!

माझ्या वर्गातला एकजण फळ्यापाशी येताना थरथरायचा, बोलायचाच नाही. आता आधी सावकाश श्वास सोडतो. त्यानं ठोके जरा मंदावतात. मग पाढा म्हणतो. तेराचा अजून अडखळतो, ते वेगळं!