प्रकाश आणि पदार्थ यांची जोडी : पोलॅरिटॉन

किर्लोस्करवाडी रेल्वे स्थानकाचे पूर्वीचे नाव कुंडल रोड. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी येथे कारखाना उभारला. तेव्हा कुंडलच्या विद्यार्थ्यांना एकाच मापाचे दोन मोठे नट मिळवणे कठीण जाऊ नये. त्या नटांच्या साहाय्याने आधुनिक भौतिकीतील एक नवल समजून घेता येईल.

दोन खुर्च्यांमध्ये एक दोरी किंचित सैल बांधा. तिला सारख्या लांबीचे दोन दोरे बांधून प्रत्येकाच्या टोकाला नट अडकवा. आता एकच लंबक दोरीच्या काटकोनात हलवा. थोड्या वेळाने दुसरा झुलू लागेल आणि पहिला थांबेल. मग पुन्हा उलट. ऊर्जेची ही देवघेव बराच वेळ चालते. यालाच अनुस्पंदन म्हणतात. एका दोऱ्याची लांबी बदलली, तर देवघेव अपुरी राहते. दोन्ही नटांना रुंद पुठ्ठे चिकटवले, तर ऊर्जा हवेतच विरते व देवघेव मंदावते.

आता लंबकांच्या जागी प्रकाश आणि पदार्थ कल्पा. एकमेकांसमोर दोन उत्तम आरसे आहेत. त्यांमधील अंतर सहस्रांश मिलिमीटरहूनही कमी आहे. या पोकळीत ठराविक तरंगलांबीचाच प्रकाश टिकतो. मध्ये गॅलियम आर्सेनाइडसारख्या अर्धवाहकाचा, सुमारे १० नॅनोमीटर जाडीचा थर आहे. फोटॉन शोषला गेला की थरातील एक इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापट्ट्यात जातो व त्याची रिकामी जागा मागे उरते. या दोघांच्या जोडीला एक्सायटॉन म्हणतात. जोडी मोडली की पुन्हा फोटॉन जन्मतो, आरशावरून परततो आणि पुन्हा शोषला जातो.

ही देवघेव प्रकाश निसटून जाण्यापेक्षा वेगाने झाली, तर 'हा फोटॉन, तो एक्सायटॉन' असा भेद उरत नाही. दोघांचे मिळून जे बनते ते पोलॅरिटॉन. १९९२ साली क्लोद वाइसबुश आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी अशा पोकळीवरून परावर्तित झालेल्या प्रकाशाचा वर्णपट घेतला. एका खाचेऐवजी त्यात दोन खाचा दिसल्या!

याचा उपयोग काय? पोलॅरिटॉनचे वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या दहासहस्रांशापेक्षाही कमी असू शकते. सत्येंद्रनाथ बोस यांच्या १९२४ च्या संशोधनातून पुढे आलेले संघनन अणूंमध्ये १९९५ साली दिसले, पण केल्विनच्या एका दशलक्षांशाहूनही कमी तापमानाला. हलक्या पोलॅरिटॉनमध्ये ते २००६ साली सुमारे १९ केल्विनला, म्हणजे उणे २५४ अंश सेल्सिअसला दिसले. काही पदार्थांत तर ते सामान्य तापमानालाही मिळते. कमी ऊर्जेत चालणाऱ्या लेसरची आशा यावरच आहे.

वर्णपटातील दोन खाचांचा अर्थ तुमचे लंबकच सांगतील. दोन्ही लंबक एकाच वेळी एकाच दिशेला सोडा आणि ५० आंदोलनांचा वेळ मोजा. मग ते परस्परविरुद्ध दिशांना सोडून तेच करा. पहिला वेळ थोडा अधिक येईल. प्रत्येक लंबक तोच असून जोडीला मात्र दोन आवर्तकाळ मिळाले. नंतर दोरी अधिक ताणून बांधा आणि या दोन वेळांमधील फरकाचे काय होते ते पाहा.