नवी तबकडी घ्यावी का? आधी खुर्ची मोजा!

पेण तालुक्यातील जोहे गावी गणपतीच्या मूर्तींचे कारखाने आहेत. तेथे डोळ्यांची आखणी जवळून पाहा. पापणीवरच्या दोन बारीक रेषा अगदी सुट्या दिसतात. आता दहा पावले मागे सरका. दोहोंची एकच रेघ होते. असे का?

आपला डोळा साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाहून जवळचे दोन ठिपके वेगळे ओळखू शकत नाही. ठिपक्यांत १ मिलिमीटर अंतर असेल, तर सुमारे ३.४ मीटरपलीकडून ते एकच भासतात.

२००६ साली आलेल्या ब्लू-रे तबकडीवरील चित्राच्या रुंदीत १९२० चित्रबिंदू असतात. २०१६ साली आलेल्या फोर-के तबकडीत ३८४०. समजा, तुमचा संच ४३ इंची आहे. पडदा सुमारे ९५ सेंटिमीटर रुंद, म्हणजे जुन्या चित्राचा बिंदू अर्ध्या मिलिमीटरचा. असे बिंदू १.७ मीटरपलीकडून सुटे दिसतच नाहीत. तुम्ही बसता तीन मीटरवर! मग जादा बिंदूंचे पैसे कशाला मोजायचे?

रंगांची गोष्ट मात्र निराळी बरे का. जुनी तबकडी प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ पायऱ्या नोंदवते, नवी १०२४. त्यामुळे मावळतीच्या आभाळात पट्टे न दिसता छटा एकमेकींत मिसळतात, आणि हे लांबूनही जाणवते. पण संचही तितक्या छटा दाखवणारा हवा. शिवाय जुन्या ब्लू-रे यंत्रावर ही तबकडी चालत नाही. नवे यंत्र घ्यावे लागते.

तर मित्रांनो, मोजपट्टी काढा. पडद्याची रुंदी मिलिमीटरमध्ये घ्या, १९२० ने भागा, ३.४ ने गुणा. येईल ते उत्तर मीटरमध्ये. तुमची खुर्ची त्याहून जवळ आहे का?