अंगणातील दुहेरी

दिवाळी सरली की बिदर-भालकीपासून आळंद-कलबुर्गीपर्यंत आपल्या भागातील अंगणांत आणि गल्लीबोळांत बॅडमिंटनची जाळी दिसू लागते. पुष्कळदा ती जाळी नसतेच. दोन बांबूंना ताणून बांधलेली एक दोरी असते, एवढेच. वर एक दिवा, खाली चुन्याच्या रेघा आणि बाकी सारी वाऱ्याची मर्जी. जेमतेम पाच ग्रॅम वजनाचे ते फूल पठारावरच्या वाऱ्यापुढे काय टिकणार? तरी खेळ चालतो. आणि तो बहुधा चौघांचाच चालतो, कारण आपली पाळी येण्याची वाट पाहत उभी असलेली मुले दोघांनाच अंगण अडवू देत नाहीत. फूल मधोमध आले की एक ‘सोड’ म्हणतो, त्याचा जोडीदार ‘बिडु’ म्हणतो, पलीकडून कोणी ‘छोड’ ओरडतो. तिन्ही शब्दांचा अर्थ एकच, आणि तो चौघांनाही कळतो.

हे सारे आठवले ते आशियाई कनिष्ठ बॅडमिंटन स्पर्धेच्या निमित्ताने. एकोणीस वर्षांखालील मुलामुलींची ही स्पर्धा आजच्या स्वरूपात १९९७ साली मनिला येथे सुरू झाली. तिचे दोन भाग असतात, सांघिक आणि वैयक्तिक. वैयक्तिक भागातील आपले यश वाचकांना ठाऊक असेल. २०१२ साली कोरियातील गिमचिऑन येथे पी. व्ही. सिंधूने जपानच्या नोझोमी ओकुहारावर तीन गेममध्ये मात करून मुलींचे विजेतेपद मिळवले. २०१८ साली जकार्ता येथे लक्ष्य सेनने थायलंडच्या कुनलावुत वितिदसार्नला हरवले. मुलांच्या एकेरीत त्यापूर्वीचे भारतीय नाव गौतम ठक्कर यांचे, तेही १९६५ सालचे!

सांघिक भागाची गोष्ट निराळी. तेथे मुलांची व मुलींची एकेरी, मुलांची व मुलींची दुहेरी आणि मिश्र दुहेरी असे पाच प्रकार असतात. पाचांतील तीन दुहेरीचे आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे एखाददुसऱ्या अलौकिक खेळाडूच्या बळावर संघ का जिंकत नाही, याचा उलगडा होतो. २०११ साली लखनौ येथे सिंधू आणि समीर वर्मा दोघेही संघात होते. समीरने एकेरीत रौप्यपदकही मिळवले. संघाच्या वाट्याला मात्र कांस्यपदक आले. जागतिक कनिष्ठ स्पर्धेतील पहिले सांघिक पदक, तेही कांस्य, हाती येण्यास २०२५ सालची गुवाहाटी उजाडावी लागली.

मला याचे कारण आपल्या घरांतच दिसते. मुलाने रॅकेट धरली की आईबापांच्या डोळ्यांपुढे एकट्याचे छायाचित्र उभे राहते. जोडीदारावर वेळ खर्च करणे त्यांना उधळपट्टी वाटते. सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर एकेरीचे सहा वेळा राष्ट्रीय विजेते होते, हे आपण अभिमानाने सांगतो. पुरुष दुहेरीतही ते तितक्याच वेळा विजेते झाले होते, हे किती जण सांगतात? मुंबईचा चिराग शेट्टी आणि आंध्रातील अमलापुरमचा सात्त्विक साईराज यांना एकमेकांची मातृभाषा येत नव्हती. तरी २०२३ साली दुबईत याच जोडीने आशियाई अजिंक्यपद जिंकले.

आपल्या मुलांपुढील अडचण भाषेची नाहीच. ती अंतराची आहे. १९५६ पर्यंत बिदर आणि गुलबर्गा हे जिल्हे हैदराबाद राज्यात होते. आजही बिदरहून हैदराबाद सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे, आणि सिंधू घडली ती तेथील गोपीचंद अकादमीत. परंतु आपल्या मुलाला खेळायचे असते कर्नाटकाकडून, आणि बंगळूर सातशे किलोमीटरांच्या आसपास दूर. एकेरीचा सराव भिंतीशी थोडाफार होऊ शकतो. दुहेरीला मात्र रोजचा तोच जोडीदार लागतो आणि वाऱ्यापासून आडोसा देणारे उंच छप्पर लागते.

जोडीदार तर अंगणात आहेतच. छपराचे म्हणाल, तर आपल्या तालुक्याच्या गावांतील मंगल कार्यालये लग्नसराई संपली की महिनोन् महिने कुलूपबंद असतात. त्यांतले एखादे पुरेशा उंचीचे निघाल्यास संध्याकाळचे दोन तास मुलांना उघडून देण्यास मालकांची फारशी हरकत नसावी. छताचे पंखे तेवढे बंद ठेवावे लागतील, कारण फुलाला तो वाराही सोसत नाही. आणि आपल्याकडच्या उकाड्यात मुले ते कितपत मानतील, कोण जाणे.